आठवी लाइन

शनिवार, ३ जून २००६. लोअर हट.

पोचलो एकदाचा! पुणे, मुंबई, सिंगापूर, ऑकलंड, वेलिंग्टन. एकूण एकतीस तास, आणि धड झोप लागली ती फक्त सिंगापूरच्या खुर्चीत. विमानतळावर कस्टमच्या बाईने मेतकुटाचा डबा नाकाला लावला, तोंड वाकडं केलं आणि परत दिला. प्रत्येक पुडीवर इंग्रजीत नाव लिहा असं भाग्यश्रीने फोनवर बजावलं होतं, ते कामाला आलं. सून शहाणी आहे. मुलगा सुमेध शहाणा आहे की नाही ते ठरायचंय, कारण हे घर त्याने पसंत केलंय.

घर डोंगराला पाठ टेकून उभं आहे. रस्त्यापासून त्रेचाळीस पायऱ्या. ऐंशी वर्षांचं लाकडी घर, खिडकीतून खाली नदी आणि आगगाडीची लाइन दिसते. इथे जून म्हणजे ऐन हिवाळा, थंडी आत आणि बाहेर सारखीच. फरक एवढाच की आत वारा नाही. नात ओवी, वय वर्षं सहा, मोज्यांवर जॅन्डल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून धावत आली आणि माझ्या पोटाला बिलगली. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत सांगते. आमचं छान जमतं.

सुमती पुण्यातच राहिली. लेकीचं बाळंतपण उरकून ती ऑक्टोबरात येणार. तोवर बोलायला कुणीतरी हवं म्हणून ही वही. साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसला चौतीस वर्षं दर तासाला लॉगबुक भरलं. रिटायर झालो तरी हात शिवशिवतो.

आणि खरी गंमत पुढेच! सामान ठेवायला तळघरात गेलो तर समोर बॉयलर. घरगुती, बिडाचा, वाफेचा. या देशात असं कुणाच्या घरी नसतं म्हणे. पूर्वीचा मालक जहाजावरचा इंजिनियर होता, त्याने स्वतः बसवला. घरभर सात रेडिएटर, सगळे गार, वर कुंड्या ठेवलेल्या. मी कुंड्या उतरवल्या. भाग्यश्री हसली आणि सुमेधला म्हणाली की झालं, आता बाबा इथून हलत नाहीत.

सोमवार, ५ जून

आज सगळ्यांना सुट्टी, राणीचा वाढदिवस. पहाटे ओवीचा खोकला ऐकून उठलो. तिला दमा आहे हे फोनवर ऐकत होतो. समोर बघणं वेगळं. खांदे वर, गळ्याखाली खड्डा, आणि श्वास घेताना शिट्टी. भाग्यश्रीने निळा पंप दिला, मांडीवर घेऊन बसली. पोरगी शहाण्यासारखी आकडे मोजत श्वास घेत होती. माझ्याच्याने बघवेना. बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि रडलो, लिहायला लाज कसली.

डॉक्टरचं म्हणणं, घर उबदार आणि कोरडं ठेवा. तिच्या कपाटामागे काळी बुरशी आहे, पुसली की आठ दिवसांत परत येते. विजेचे हीटर लावले की तेवढीच भिंत तापते. सुमेध बॉयलर भंगारात देऊन हीटपंप लावणार होता. मी म्हटलं, बाप जिवंत असताना बॉयलर भंगारात? बरीच वादावादी झाली. बॉयलर पूर्वीही कधी नीट चालला नाही, घर तापायचंच नाही, असं त्याला शेजाऱ्यांनी सांगितलंय. मी म्हटलं, बॉयलर चालत नाही असं नसतं, बसवणारा गाढव असतो. शेवटी मला जूनअखेरपर्यंत मुदत मिळाली. अडुसष्टाव्या वर्षी पोराकडून मुदत घ्यायची वेळ आली, पण घेतली.

शनिवार, १० जून

बॉयलर तपासला. अंगाने ठणठणीत. सेक्शनमध्ये तडा नाही, सेफ्टी व्हॉल्व्ह बदलावा लागेल, पाण्याची पातळी दाखवणारी गेजची काच नवी. पण पायपिंग! हे कुठल्या जहाजावर शिकला हा गृहस्थ? बॉयलरमधून वाफ निघते तिथे अंगठ्याएवढा पाइप. वाफेला तोंडातच बोळा. मेन लाइनचा उतार उलटा, म्हणजे निवलेलं पाणी परत येण्याऐवजी लाइनमध्येच साचणार. परतीचा पाइप सरळ बॉयलरच्या तळाला जोडलाय. तो गळला तर बॉयलर कोरडा. सारं उलटं करायचं ठरवून केल्यासारखं.

ओवीला वही काढून समजावलं. वाफ वर जाते, खोलीत ऊब देते, पाणी होऊन घरी परत येते. तिच्या वाटेत पाणी साचायला जागा द्यायची नाही. आणि वाफ यायची तर आधी पाइपमधली हवा बाहेर जायला हवी, म्हणून प्रत्येक रेडिएटरला छोटा व्हेंट असतो, तो हवा सोडतो आणि वाफ लागली की मिटतो. ओवीने विचारलं, म्हणजे पाइप ब्रीद करतात का? मी म्हटलं, तसंच समज.

एक गोष्ट विचित्र. मेन लाइनला आठ फाटे आहेत आणि रेडिएटर सात. आठवा फाटा डोंगराकडच्या भिंतीत घुसतो. तोंडावर टोपण, टोपणावर शिसं ओतलेलं, शिशावर सिमेंट. वर कधी काचघर असेल, फुलांना ऊब द्यायला, असा माझा अंदाज. सुमेधने वर जाऊन पाहिलं तर नुसतं रान आणि गॉर्सची काटेरी झुडपं.

रविवार, १८ जून

आठ दिवस घासतोय. दोन जाड पाइप बॉयलरमधून वर, ते आडव्या हेडरमध्ये, हेडर पाण्याच्या रेषेपासून दोन फूट उंच, म्हणजे वाफेबरोबर उडालेलं पाणी तिथेच खाली पडेल. हेडरच्या टोकापासून खाली इक्वलायझरचा उभा पाइप, परतीची लाइन त्याला वळसा देऊन पाण्याच्या रेषेखाली बोटभर जोडली. आता परतीचा पाइप फुटला तरी बॉयलरचं पाणी पळणार नाही. मेन लाइनला वीस फुटाला एक इंच उतार, पाणसळ लावून. आटे मी स्वतः पाडले, सफेदा आणि सुतळी लावून आवळले. इथे टेप लावतात, लावोत बापडे.

ओवीच्या खोलीचा फाटा बॉयलरच्या सगळ्यात जवळून काढला आणि तिच्या रेडिएटरला सगळ्यात मोठा व्हेंट दिला. घरात पहिली वाफ तिलाच मिळायला हवी.

आठव्या लाइनचं टोपण मात्र काढावं लागलं. बंद टोकाची लाइन बॉयलरवाल्याला खपत नाही. तिथे पाणी साचतं, वाफ त्यावर आदळते आणि हातोडे बसतात. छिन्नीने दोन तास लागले. आत वायर सरकवली, वीस फूट, तीस, पन्नास. वायर संपली, पाइप संपेना. बाहेर ओढली तर कोरडी, आणि हाताला कोमट. डोंगराच्या पोटात ऊब असेल. हा देशच ज्वालामुखींचा. तोंडाला गेट व्हॉल्व्ह बसवला आणि बंद केला. अकरा फेऱ्यांचा आहे, दणकट.

डिझेलचा बर्नर जोडायला इथलं लायसन लागतं, म्हणून ब्रायन नावाचा फिटर आला. हेडर बघून त्याने टोपी काढली. जुन्या मालकाला तो ओळखायचा. म्हणाला, माणूस कामात फार हुशार, मोठमोठ्या जहाजांचे बॉयलर त्याने लावले. पण स्वतःच्या घरात वीस वर्षं कोट घालून बसायचा. मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. ब्रायनला ते इंग्रजीत समजावताना माझाच घाम निघाला.

रविवार, २५ जून

अग्निप्रदीपन झालं! कारखान्यात गळिताच्या आधी चेअरमन सपत्नीक पूजेला बसायचे, इथे सुमेध आणि भाग्यश्री बसली. हळदकुंकू, नारळ, शिऱ्याचा नैवेद्य. उदबत्तीने घरातला अलार्म बोंबलू लागला, सुमेध खुर्चीवर चढून टॉवेल हलवत होता. बटण ओवीने दाबलं.

आमच्या बॉयलर हाऊसची रीत मी पाळली. पहिल्या वाफेला एकही व्हॉल्व्ह बंद ठेवायचा नाही. कुठलीच लाइन उपाशी राहता कामा नये. फोरमनने पान्याने प्रत्येक लाइन तीनदा ठोकायची आणि म्हणायचं, चला, पान वाढलंय, जेवायला या. आमच्या वस्तादांनी मला शिकवलं, मी पुढच्यांना. सात लाइनी ठोकल्या, ओवी माझ्यामागून ओरडत होती. मग आठवी. एकटीला कशी वगळायची? अकरा फेरे फिरवून ती उघडली, ठोकली, बोलावलं. ओवीने तोंड जवळ नेऊन आणखी एकदा बोलावलं.

वीस मिनिटांत वाफ. दाब दोन पौंडांच्या आत, एकही हातोडा नाही, एकही गळती नाही. सातही रेडिएटर तापले, ओवीचा आधी. तिच्या व्हेंटमधून हवा मात्र बराच वेळ येत होती, बाकीचे मिटले तरी हिचा फुसफुसतोय. आठव्या लाइनमधली हवा असणार, लांबलचक आहे. ओवी त्याच्यासमोर गाल धरून बसली होती. तिला छान वाटत होतं.

सुमेधने मिठी मारली. दहावीनंतर पहिल्यांदा.

गुरुवार, २९ जून

घरात एकवीस डिग्री. बुरशी सुकली. ओवी चार दिवस पंपाशिवाय. भाग्यश्री ऑफिसात सगळ्यांना सासऱ्यांचं कौतुक सांगतेय. सुमतीला कार्ड लावून फोन केला, अर्धं कार्ड फुशारकीत संपलं.

गेजच्या काचेवर खडूने खूण केली होती. सकाळी पाणी खुणेच्या वर दोन बोटं. पाणी कमी होतं हे चौतीस वर्षं पाहिलं. वाढलेलं कधी नाही. भरण्याचा व्हॉल्व्ह पक्का बंद आहे, तपासला. बादलीभर काढून टाकलं. कोमट, आणि वास माणसाच्या तोंडासारखा.

आठवी लाइन बंद करावी असं मनात आलं. पण चाललेल्या बॉयलरला उगाच हात लावू नये.

मंगळवार, ४ जुलै

शाळेला सुट्टी लागली, दिवसभर मी आणि ओवी. सकाळी दहाला बर्नर बंद करून तळघर झाडत होतो. पाइप गार झालेले. आणि आठव्या लाइनवर तीन ठोके पडले. गार लाइनला हातोडे बसत नाहीत. वाफ नाही, पाणी नाही, मग कोण मारतं? पान्याने मी एक ठोका दिला. तिकडून एक आला. मी दोन दिले. दोन आले.

घाबरलो का? घाबरलो. पण वाफेच्या तीनशे पौंडांसमोर उभं राहून पोट भरलंय मी. एका पाइपाने टकटक केली म्हणून पळणारा नव्हे.

वर आलो तर ओवी रेडिएटरशी बोलत होती. मी विचारलं, कोणाशी गं? ती म्हणाली, जेवायला बोलावलं ना आपण, त्याच्याशी.

गुरुवार, ६ जुलै

बर्नर दोन दिवस बंद ठेवला. घर गार पडलं, सुमेध कुरकुरला. तरी ओवीच्या खोलीतला व्हेंट चालूच आहे. आत, बाहेर. आत, बाहेर. व्हेंट हवा बाहेर सोडतो, कबूल, पण ओढतोय. त्यासमोर कागदाचा कपटा धरला, चिकटला. मग सुटला. मग चिकटला.

दुपारी ओवी झोपली होती. एक हात तिच्या छातीवर ठेवला, दुसरा व्हेंटवर. मिनिटाला एकवीस. दोन्हीकडे एकवीस. ती कुशीवर वळली, श्वास मोठा झाला, तिकडेही झाला. बरोबर त्याच क्षणी नाही. आधी व्हेंट, मग ओवी.

आधी व्हेंट.

शुक्रवार, ७ जुलै

सगळं लिहून ठेवतो, जसं घडलं तसं.

अकरा वाजता. ओवी स्वयंपाकघरात चित्र काढत होती. मी खाली गेलो आणि आठवीचा व्हॉल्व्ह आवळायला लागलो. दहाव्या फेऱ्याला वर खुर्ची पडली. अकरा पूर्ण केले आणि धावलो. पोर जमिनीवर, डोळे उघडे, तोंड उघडं, छाती हलत नाही. शिट्टी नाही, खोकला नाही, काहीच नाही. पंप तोंडात दिला, जाणार कुठे? श्वासच नाही. ओठ निळे. मी ओरडलो, काय ओरडलो आठवत नाही. मग कळलं आणि परत खाली पळालो, अकराच्या अकरा फेरे उलटे फिरवले. हात सोलले.

वर आलो. ती उठून बसली होती आणि रंगपेटी कोणी सांडली म्हणून माझ्यावर रागावली.

तिचा श्वास तिचा राहिलेला नाही. तो तिथून येतो. मी बोलावलं, मी लाइन उघडली, आणि पहिली हवा तिलाच मिळावी असा पाइप मीच टाकला.

जहाजवाला गाढव नव्हता. गाढव कोण ते मला आता कळलंय.

रविवार, ९ जुलै

सुमेधला सांगितलं. तो हळू आवाजात म्हणाला की बाबा, तुम्ही दमलात, तिकीट बदलून आईकडे जाता का. माझा मुलगा मला म्हाताऱ्यात काढतोय. डॉक्टरने ओवीची छाती गुरुवारी तपासली होती, म्हणे इतकी स्वच्छ फुप्फुसं पहिल्यांदाच ऐकली.

दुपारी जॉन्सनव्हिलला त्यांच्या मित्राकडे जेवण होतं. मी नको म्हटलं. ऐकलं नाही. मोटारीत ओवी मध्ये बसली होती. घाट चढताना तिच्या गळ्याखाली खड्डा पडला. सुमेधने गाडी वळवली. परत येताना नदीवरचा पूल ओलांडला तेव्हा ती गाणं म्हणत होती.

मंगळवार, ११ जुलै

आज ओवीला कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत, म्हणजे वाण्याच्या दुकानापर्यंत, जाववलं नाही. काल दुकानात जाऊन आइस्क्रीम आणलं होतं. आज अर्ध्या वाटेवर बसली.

दोरी आखूड होतेय. काचेत पाणी रोज चढतंय.

बुधवार, १२ जुलै

ओवी फाटकापाशी निळी पडली. ॲम्ब्युलन्स. माणसं भली होती. घरात मोजलं, ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव. स्ट्रेचरवर पायऱ्या उतरू लागले, सत्तर. परत आत आणलं, अठ्ठ्याण्णव. त्यांना काही कळेना. शुक्रवारी दोन वाजता डॉक्टर घेऊन येणार, घशात नळी घालून झोपवून हॉस्पिटलात नेणार. मी पायरीवर आडवा उभा राहिलो. सुमेधने मला दंड धरून बाजूला केलं.

नळीने काय होणार? हवा आहेच बाहेर. श्वास इथे आहे.

भाग्यश्रीने संध्याकाळी स्वतः हात ठेवून पाहिला. एक छातीवर, एक व्हेंटवर. बराच वेळ. कणीक मळायला गेली, आणि तिथे मळतच राहिली.

गुरुवार, १३ जुलै

ओवी पलंगावरून उतरत नाही. खोलीच्या दाराशी धाप.

खाली बसून विचार केला. देवाचं नाव घेतलं, अंगारा लावला, त्याने काही झालं नाही. मग स्वतःला म्हटलं, राजाराम, तुला येतं काय? पायपिंग. तर पायपिंगचाच विचार कर.

ती हवा ओवीकडे का गेली? कारण बाहेर पडायला जवळची वाट तीच होती. मेन लाइनच्या शेवटाला तळघरात मोठा व्हेंट हवा, मी बसवला होता, तो आज उघडून पाहिला. जुन्या गंजाने चोंदलेला. पहिल्याच दिवशी तपासायला हवा होता. तपासला नाही. नातीच्या कौतुकात.

म्हणजे वाट बदलता येते. ओवीचा फाटा बंद. तळघरातला व्हेंट काढून तोंड मोकळं. हवा तिथून येईल. जो समोर बसेल त्याच्या छातीत जाईल.

मग आठवीचे अकरा फेरे.

शुक्रवार, १४ जुलै. सकाळी ११

बर्नर बंद. पाइप गार. सुमेध रजेचं बोलायला ऑफिसात गेलाय, एकला येईल. भाग्यश्रीला सांगितलं, व्हेंट साफ करतो, तू ओवीपाशी बस, तिला धाप लागली तर जमिनीवर पाय आपट. ती वाकून पाया पडली. मी खेकसलो, आज काय सण आहे का!

सुमेधसाठी. व्हॉल्व्ह उघडू नकोस. कापू नकोस. वर शिसं ओत, शिशावर सिमेंट. मग बॉयलर दे भंगारात. तुझ्यावर राग नाही. सुमतीला सांग, नीट जेवलो होतो.

११.२०

व्हेंट काढला. तोंड मोकळं. पाइप माझ्या हनुवटीपाशी. आतून ऊब येते. तोच वास.

ओवीचा फाटा बंद करतोय. आधी बोलून घेतो. ऐक रे. तुला मी बोलावलं. पान मी वाढलं. पोर माझ्या मागे उभी राहून ओरडली, तिला काय कळतं? यजमान मी आहे. जेवायचं तर माझ्यापुढे बस. अडुसष्ट वर्षांची छाती आहे, उसाच्या बगॅसच्या धुरात शेकलेली. घे.

११.२५

फाटा बंद.

वर शांत. पाय आपटले नाहीत अजून —

अजून नाही.

११.३०

आलं. थंड नाही, कोमट. मी श्वास घेत नाही आणि छाती वर जाते. माझी छाती, माझ्या हुकमाशिवाय. आत, बाहेर. पाइप आधी, मग मी.

वर काहीतरी पडलं. पावलं. दारापर्यंत. दाराबाहेर! जिन्यावर, खाली, वर. ओवी धावतेय. ओवी पायऱ्या उतरून अंगणात — भाग्यश्री तिच्यामागे ओरडत जातेय, आणि ओवी धापा टाकतेय. शिट्टी ऐकू येते. तिची शिट्टी! तिचा दमा, तिचा स्वतःचा. पंपाने बरा होईल.

बस. आता तू आणि मी.

ठोकतोय आतून. ठोक. मोठ्याने ठोक. बाहेर यायचं होतं ना तुला, ऊब हवी होती ना? माझ्या नातीच्या छातीत घर करणार होतास? या पाइपाचा उतार मी काढलाय, आटे मी पाडलेत. इथे माझं चालतं.

एक. दोन. तीन.

चार. कानात दडे. अक्षर वाकडं येतंय, सुमेध, लावून वाच.

पाच

सहा. ओढतोय आत. जोर आहे त्याला. मला पण —

सात

आठ. ठोके नाहीत आता. विनवतोय. बाळाच्या आवाजात. नको रे. तो आवाज माझ्या ओळखीचा नाही. ओवी बाहेर आहे, मी ऐकलंय

नऊ

दहा. छाती थांबली. बरोबर दहाव्याला, लिहिलं होतं मी. छाती थांबली, हात चालू आहे. बघ. हात माझा आहे. हा बघ अकरावा, हा बघ फिर—